सोनगीरपर्यंत

आमच्या घरी भांडण तोंडानं कमी आणि भांड्यांनी जास्त व्हायचं. सासूबाई प्रेमकुंवर ताट आदळायच्या, सासरे केवलचंदजी बूट आदळायचे, आणि मधे मी, कुसुमलता, घरची थोरली सून, दोघांची बोलणी खायला. धुळ्यात आग्रा रोडवर आमचं किराण्याचं दुकान. सत्तेचाळिसाव्या वर्षी सासऱ्यांना साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. माणूस हट्टी. चालता चालता धावायला लागले, ते थांबेचनात. साठीला आले तेव्हा आठवड्यातून तीनदा सोनगीरपर्यंत धावत जायचे आणि धावतच परत यायचे. पंचवीस मैल!

अर्ध्या चड्डीतला शेठ म्हणजे बाजाराला फुकटचा तमाशा. भाजीवाली भिकुबाई कुठं पळताय म्हणून रोज ओरडायची, "शेठजी, कथा पयी ऱ्हायनात? मांगे कुत्रं लागनं का?" सगळा बाजार खिदळायचा. माझे यजमान शरमेनं दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन बसायचे. खोटं कशाला बोलू, पदराआड मीही हसले आहे.

चौऱ्याहत्तर साली एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं की परदेशात वयस्कर माणसांच्याही शर्यती होतात. झालं. मास्तरांकडून इंग्रजीत पत्रं लिहून घेतली आणि तीन ठिकाणांहून उत्तरं आली. जर्मनी, हॉलंड, स्वीडन. पुढच्या उन्हाळ्यात तीन मॅरेथॉन. पासपोर्टसुद्धा आला. डाळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पासपोर्ट दाखवायचे, मग डाळ. "मॅरेथॉन म्हणजे काय हो, सोनगीर करून येणं!" मला हुकूम सुटला की महिनाभर टिकतील असे खाखरे करून बघ.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं माहेर मारवाडात, पालीजवळ. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि नवऱ्यानं त्यांना माहेरी नेलं होतं दोनदा. दरवर्षी एकच उत्तर: हंगाम उतरू दे, मग जाऊ. त्यांची आई गेली ते त्यांना कार्डावरून कळलं, तेराव्यानंतर. "मला पालीला न्यायला यांना सवड नाही, आणि उघड्या पायांनी गोऱ्यांमध्ये पळायला आहे!" हे त्या मला ऐकवायच्या, मोलकरणीला ऐकवायच्या, उतू जाणाऱ्या दुधालाही ऐकवायच्या. माझ्या मते त्या बरोबर होत्या. पण बरोबर असलेलं माणूस किती विखारी होऊ शकतं, ते मी त्या चातुर्मासात पाहिलं.

तेव्हा आमच्या जैन स्थानकात चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींचं रोज प्रवचन चालायचं. एके दिवशी विषय होता श्रावकाच्या, म्हणजे संसारी जैनाच्या, व्रतांचा. त्यात एक व्रत दिशेच्या मर्यादेचं असतं. कोणत्या दिशेला किती लांब जायचं ते आपणच ठरवायचं आणि मग जन्मभर त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. भर सभेत सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

"महासतीजी, आमच्या ह्यांना हा नियम द्या. त्यांची फार दिवसांची इच्छा आहे."

इच्छा! तीन-चारशे माथी पुरुषांच्या बाजूला वळली. तिथं नाही म्हणणं म्हणजे सगळ्या समाजासमोर नाक कापून घेणं. सासरे उठले. मान लालबुंद झाली होती. मर्यादा सांगायची त्यांनीच होती. दहा हजार मैल म्हणाले असते तरी कुणी अडवलं नसतं. म्हणा, म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण रागावलेल्या माणसाला सुटायचं नसतं, दुसऱ्याला अडकवायचं असतं.

"उत्तरेला सोनगीर," ते म्हणाले. "बाकी तिन्ही दिशांना तेवढंच. जन्मभर. पण घेणार सजोडे. जोडीनं घेतलेल्या नियमाचं पुण्य जास्त."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पाली कायमची बंद. महासतीजींनी त्यांना दोनदा विचारलं, "बाई, यात बळजबरी नाही. विचार करून सांगा." सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात म्हणाल्या, "कबूल!" लोक धन्य धन्य म्हणाले. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

घरी येताना सासरे खुशीत होते. परदेश गेला, पण त्यांचं रोजचं धावणं शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून निघतात तो दारात सासूबाई.

"चला. सोनगीरपर्यंत मलाही मोकळीक आहे."

ते धावत सुटले. त्या मागून चालत निघाल्या, ट्रकांच्या त्या रस्त्यानं, एकट्या. दुपारी कुणीतरी त्यांना वाटेतल्या नगावच्या पुढून बैलगाडीत घालून आणलं. टाचा फाटून रक्त आलेलं. आदल्या दिवसापर्यंत हसणाऱ्या भिकुबाईनं भर बाजारात सासऱ्यांना धरलं, "शेठजी, बाईले मारी टाकाना इचार शे का?" दिवसभर दुकानात जो आला तो दोन शब्द सुनावून गेला. दुसऱ्या पहाटे टाचांना चिंध्या बांधून सासूबाई पुन्हा दारात उभ्या. सासरे कोपऱ्यापर्यंत धावले, मागं वळून पाहिलं, थांबले आणि चालायला लागले. त्या दिवसानंतर ते धावले नाहीत.

रोज पहाटे ते पुढं, त्या मागं. त्या बसल्या की ते उभे राहायचे, त्या उठल्या की चालायचे. एक शब्द नाही. आणि लोक मला सांगायचे, काय जोडी आहे हो!

तीन वर्षांनी पालीहून तार आली, सासूबाईंचा धाकटा भाऊ गेल्याची. त्या रडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीशी होते, तेव्हा सासऱ्यांचा आवाज आला. इतका मऊ आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"महासतीजींकडे जाऊ या. प्रायश्चित्त घेऊन नियम सोडवता येतो म्हणतात. तू भावजयीकडे जाऊन ये."

"म्हणजे तुम्हीही सुटाल?"

"हो. दोघंही."

"मग पळाल?"

सासऱ्यांनी बुटाची नाडी आवळली. मग म्हणाले, "पळेन."

"मग नको," सासूबाई म्हणाल्या, आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या.