रंगराव डॉक्टर आणि छातीवरची मूठ

छातीत दुखतंय म्हणून कोणी शाहूपुरीतल्या रंगराव डॉक्टरांकडे गेलं, की नाडीला हात लावायच्या आधी ते म्हणायचे, "कुठं दुखतंय, दावा." आणि पेशंटच्या हाताकडे बघत राहायचे. "एका बोटानं जागा दावणारा बहुतेक घरी जातोय. छातीवर मूठ धरणाऱ्याला मी भितो." डॉक्टर मूळचे उचगावचे, शेतकरी घरातले. मोठ्या शहरात शिकून आले, पण बोलणं गावचंच राहिलं, आणि आवाज असा की निम्मा आजार त्यानंच पळावा.

माझे आप्पा एके काळचे पैलवान. मी कॉलेजात असताना एका दुपारी जेवणानंतर त्यांना छातीत कोंडल्यासारखं झालं. निदान त्यांनी स्वतःच केलं, गॅस! उपायही तालमीतला, बैठका. चार-दोन मारल्या असतील नसतील, घामानं डबडबून खालीच बसले. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

"आप्पा, कुठं दुखतंय?"

आप्पांची मूठ छातीवर गेली. मी डॉक्टरांना बैठकांचं सांगितलं.

"बैठका मारल्या? धन्य हाय तुमची! हार्टॲटॅक हाय ह्यो. आता एक पाऊल टाकायचं न्हाय." त्यांनी आप्पांच्या जिभेखाली गोळी ठेवली, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि जीप मागवली. आम्ही राहायचो माडीवर. गल्लीतली तालमीची पोरं खुर्ची घेऊन आली, तसे आप्पा बिथरले.

"मी काय मढं हाय व्हय उचलून न्यायला? चालत येतो की!"

तो जिना ते चालत उतरले असते, तर आम्हाला परत दिसले नसते. डॉक्टरांनी एरवी खच्चून ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ते आप्पांजवळ खाली बसले.

"आप्पा, कुस्ती मारलेला पैलवान मैदानातनं चालत जातोय व्हय? खांद्यावरनंच नेत्यात न्हवं त्याला?"

आप्पा निमूट खुर्चीत बसले.

हॉस्पिटलात कार्डिओग्राम निघाला, तो मुठीनं सांगितलं तेच सांगत होता. पुढचे दोन दिवस रंगराव आपला दवाखाना उरकला की आप्पांच्या खाटेशी येऊन बसायचे, पुन्हा पुन्हा ब्लडप्रेशर बघायचे. आई उशाशी उभी असायची. डोळे कोरडे. मला आप्पांपेक्षा तिचीच भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नवा कार्डिओग्राम उजेडात धरून बघितला, घडी घालून खिशात टाकला आणि आईकडे वळले.

"वैनी, आता रडा खुशाल. धोका टळला."

आई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.