त्यानं एकही प्रश्न विचारला नाही

माझ्या आत्याला चुकीचं बोललेलं सहन होत नाही. डास चावला की हात कसा आपोआप तिथं जातो, तशी समोरच्याची चूक ऐकली की तिची जीभ तिथं जाते. शेजारचे आजोबा गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. त्यांचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचं भरलेलं आयुष्य जगले." आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एकोणऐंशी रे बाळा. माझ्या थोरल्या भावापेक्षा वर्षानं मोठे." आतोबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लग्न झाल्या झाल्याच तारखा, वार आणि अंतरं सांगणं सोडून दिलं. आता ते फक्त हवेवर बोलतात, तेही खिडकीतून बघून खात्री केल्यावर.

विद्यापीठात ती विद्यार्थी-चौकशीच्या खिडकीवर बसायची. कचेरीत तिचं टोपणनाव 'खोडरबर'. हे तिला माहीत होतं, आणि त्यावरही तिचं म्हणणं होतं की खोडरबर नुसतं खोडतं, मी बरोबर लिहूनही देते.

मी गावाकडच्या शाळेतून शिकून तिच्याकडे राहायला आलो आणि नशिबानं त्याच विद्यापीठाच्या माहिती-सुरक्षा कक्षात चिकटलो. कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. पोरांचे पत्ते, फोन नंबर, आजारपणं, घरची भांडणं, असं जे जे नाजूक ते कुणाच्या हाती लागू नये हे आमचं काम. आम्ही पासवर्ड बदलायला लावायचो, कागद कापायच्या यंत्रात जुने अर्ज घालायचो आणि 'खुर्ची सोडताना स्क्रीन बंद करा' अशा चिठ्ठ्या भिंतींवर चिकटवायचो. लोक चिठ्ठीवरच फोन नंबर लिहून ठेवायचे.

वर्षातून एकदा परीक्षा असायची. मी खोट्या नावानं कर्मचाऱ्यांना फोन करून एखाद्या विद्यार्थ्याची माहिती मागायची, कोण देतं ते बघायचं. अर्धी इमारत पहिल्या गोड वाक्यालाच पाघळायची. आत्याला मी नाक दाबून, बँकेचा साहेब होऊन फोन केला. ती म्हणाली, "माहिती मिळणार नाही. आणि ठोंब्या, सर्दी झालीय तर वाफ घे." पैकीच्या पैकी गुण मिळवणारी ती एकटीच. आमच्या कक्षाच्या मॅडम सगळ्यांपुढे म्हणाल्या, "यांच्याकडून शिका." आत्यानं त्यांनी सांगितलेलं आपलं पद तेवढं दुरुस्त केलं आणि टाळ्या घेतल्या.

आता त्या मुलीचं सांगतो. यातला विषय, इमारत, दप्तराचा रंग सगळं मी बदललेलं आहे. म्हणूनच हे आत्याला वाचायला देणार नाही. ती समासात पेनानं खरं लिहून ठेवेल.

निळ्या दप्तराची मुलगी वर्षाच्या सुरुवातीला आत्याच्या खिडकीवर आली होती. नवऱ्याचं घर सोडून, शिक्षण पुन्हा धरून. तिला एकच हवं होतं: मी इथं शिकते हे कुणालाही कळता कामा नये.

"घरच्यांनाही नाही?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"आईला तरी?"

"आईला तर मुळीच नाही. ती त्याला सांगते. त्याचा जीव तुटतो म्हणते. मागच्या वेळी तिनं सांगितलं, तेव्हा माझा हात दोन ठिकाणी मोडला."

आत्यानं तिथल्या तिथे तिच्या नावापुढे लाल कुलूप लावून घेतलं. कुलूप लागलं की कुणीही ते नाव टाकलं तरी संगणक काही दाखवत नाही, फक्त 'सुरक्षा कक्षाला विचारा' म्हणतो. कुलपाची नोंद माझ्याकडे आली. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलाशी जेवणाऱ्या आम्हा दोघांना ती मुलगी माहीत होती, पण तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. याचा मला त्या काळात भारी अभिमान होता.

दुपारी आत्या डबा घेऊन माझ्या खोलीत यायची. त्या दिवशी आली ती लग्न जमवून आल्यासारखी.

"आज एक आला होता," डब्याचं झाकण उघडत ती म्हणाली. "कुलपातल्या पोरीचा."

मी दार लावून घेतलं.

"घाबरू नकोस. तुझी आत्या आहे. माणूस कसा, तर इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, रांगेत दोघांना पुढे जाऊ दिलं. काचेपाशी येऊन तिचं नाव घेतलं. मी म्हटलं, या नावाचं कुणी इथं आहे की नाही, हेसुद्धा मी सांगणार नाही. बरोबर ना?"

"शंभर टक्के."

"तोही म्हणाला, 'बरोबर आहे ताई. नियम म्हणजे नियम. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्या पोरीबाळी सुरक्षित.' चांगल्या घरचा वाटला रे. दुसरा असता तर आरडाओरडा केला असता."

"मग गेला?"

"जाणारच होता. हेल्मेट उचललं. जाता जाता आपला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, 'बरंय, पहिल्या वर्षाचं वनस्पतीशास्त्राचं प्रात्यक्षिक संध्याकाळी असतंच, जुन्या इमारतीपाशी उभा राहतो तोवर.' बाहेर ऊन बघ केवढं. मी म्हटलं, मी कुणाबद्दल काही सांगत नाहीये हं, पण पहिल्या वर्षाला या सत्रात प्रात्यक्षिकच नाही. उगाच माणूस उन्हात..."

तिनं घास तोंडाशी नेला होता.

"मग तो काय म्हणाला, आत्या?"

"म्हणाला, 'म्हणजे दुसऱ्या वर्षाचं असेल संध्याकाळी.' मी म्हटलं, दुसऱ्या वर्षाचं दुपारी. आणि जुन्या इमारतीत आता काही नसतंच, सगळं नव्या..."

घास तिनं परत डब्यात ठेवला.

मी तिच्याकडे बघत होतो आणि तिचा चेहरा माझ्यासमोर रिकामा होत चालला होता. कुणी आतून एकेक दिवा मालवत गेल्यासारखा.

"पण त्यानं मला काही विचारलं नाही रे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "एकही प्रश्न विचारला नाही त्यानं. विचारलं असतं तर मी..."

विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं. सबंध विद्यापीठात तिच्याकडून काही काढता आलं नसतं. आम्ही तिला प्रश्नाला उत्तर देऊ नकोस एवढंच शिकवलं होतं. चुकीचं वाक्य समोर टाकून गप्प उभा राहणारा माणूस आमच्या कुठल्याच परीक्षेत नव्हता.

दुपारचं प्रात्यक्षिक सुटायच्या बेतात होतं. मी नव्या इमारतीच्या पहारेकऱ्याला फोन लावला, तो उचलेना. आम्ही निघालो. आत्याचा गुडघा दुखरा. एरवी जिन्याला शिव्या घालत उतरते, त्या दिवशी माझ्या पुढे होती.

इमारतीच्या मागच्या दाराशी सायकलींची शेड आहे. तिच्या कट्ट्यावर तो बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन, नळाशेजारच्या सावलीत. आत्याला बघून तो अदबीनं उठून उभा राहिला.

"अहो ताई, तुम्ही कशाला उन्हात आलात? बसा ना." त्यानं कट्ट्यावरची धूळ रुमालानं झटकली. "उपकार झाले तुमचे. दुपारचंच निघालं."

मी जन्मात पुष्कळ दांडगट माणसं पाहिली आहेत. आमच्या शाळेचे ड्रिलचे सर तर फळ्याला घाबरवायचे. पण अशी कुणाची भीती वाटली नव्हती.

आत्या त्याच्यासमोर उभी राहिली, दाराकडे पाठ करून, आणि मला म्हणाली, "तू जा पुढून." मी गेलो. प्रयोगशाळेतल्या सरांना बाजूला घेऊन सांगितलं. तेवढ्यात पहारेकरी सापडला. तो आत मुलांना पिण्याचं पाणी भरून देत होता. त्याच्यासोबत मुलीला पुढच्या दारानं काढलं आणि आमच्या खोलीत आणून बसवलं. ती वाटेत एक शब्द बोलली नाही. तिला कारण सांगायची गरजच पडली नाही, आणि मला धक्का बसला तो तिथे. आम्ही दार उघडून 'चल' म्हटलं, तशी ती सूक्ष्मदर्शक बंद करून, दप्तर उचलून निघाली. कुणीतरी कधीतरी असं बोलावणार हे धरूनच रोज बसत असावी.

थोड्या वेळानं आत्या आली. सुरक्षारक्षकांनी त्याला फाटकाबाहेर नेलं होतं. त्यांच्याशीही तो हळूच बोलत गेला म्हणे.

मॅडम काही म्हणणार, त्याआधी आत्या मुलीपुढे उभी राहिली. "मी सांगितलं त्याला. दुसरं कुणी नाही. माझ्याकडूनच गेलं."

मुलीनं वर बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय काय कळलंय त्याला?" तिनं विचारलं.

आत्यानं एकेक सांगितलं. वर्ष. दुपारची वेळ. इमारत.

"राहायचं ठिकाण?"

"नाही. ते निघालं नाही."

"नक्की ना, बाई? नीट आठवा. तो म्हणाला का की वसतिगृहावर जातो, किंवा असलं काही?"

आत्यानं डोळे मिटून आठवलं. "नाही, तसं नाही बोलला. बोलला असता तर मी तेही दुरुस्त केलं असतं," ती म्हणाली. खरं तेच बोलली.

मुलीनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "घरी तो मला कधी विचारायचा नाही कुठे गेली होतीस म्हणून. जेवताना म्हणायचा, 'आज बाजारात गर्दी नव्हती ना?' मी म्हणायची, मी बाजारात नव्हतेच गेले. एवढं त्याला पुरायचं. मला वर्ष गेलं हे कळायला. तुमचं तर एका सकाळचं."

हे तिनं आत्याची समजूत घालायला म्हटलं की टोचायला, मला आजही ठरवता येत नाही.

पुढचं कागदोपत्री आहे. घडल्या प्रकाराचा अहवाल मलाच लिहायचा होता. घरी बसून 'संबंधित कर्मचारी' असं लिहीत होतो तर आत्या मागून म्हणाली, "संबंधित कोण? माझं नाव घाल." मी घातलं. मॅडमनी तिला दोष दिला नाही; शिकवण्यात आमचीच खोट होती असा शेरा लिहिला. तरी आत्यानं स्वतःहून खिडकी सोडली आणि मागच्या खोलीत दाखल्यांवर शिक्के मारायच्या कामाला गेली. तिथं बोलायला फक्त पंखा आहे.

मी नवीन शिकवणी तयार केली: न विचारणाऱ्या माणसाशी कसं वागावं. पहिल्याच वर्गात हिशेब विभागाचे एक काका म्हणाले, "म्हणजे आता कुणी आज सोमवार म्हणालं आणि मंगळवार असला, तरी गप्प बसायचं?" सगळे हसले. मीही हसलो असतो. आत्या पहिल्या रांगेत होती, वहीत उतरवून घेत होती.

मुलीला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते मॅडमना आणि मला माहीत आहे. विषय तोच आहे की बदलला, हेसुद्धा मी इथं लिहिणार नाही.

परवा रात्रीची जेवणं झाल्यावर आतोबा बाहेर फेऱ्या मारायला गेले, तेव्हा आत्या ओटा पुसता पुसता म्हणाली, "ठोंब्या, एक विचारू? कुठं आहे ते नको. बरी आहे ना ती, एवढंच."

आईवेगळ्या मला जिनं हाताला धरून शहरात आणलं, ती विचारत होती. हो म्हणायला काय लागतं. पण हो म्हटलं की मला तिची खबर असते हे आलं, खबर असते म्हणजे जवळपास असणार हे आलं. आत्या कुणाला सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीच्या सकाळीही मला ते ठाऊकच होतं.

"आत्या, मला नाही सांगता येणार."

फडकं थांबलं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं नाही. "बरं," म्हणाली, आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.