मोरोपंत वकिलांचा लाल दिवा

गोवर्धन माळ्याच्या घरातला, पण मातीत त्याचा जीव कधी रमला नाही. बाप वांग्याच्या वाफ्याला पाणी द्यायचा आणि हा सायकलीची साखळी उघडून बसायचा. तरुणपणी त्यानं अकोल्याला एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं काढली. सन तेहतीसच्या सुमारास परत येऊन अमरावतीत टिनाच्या छपराखाली स्वतःचं दुकान टाकलं. समोरच्या शाळेत मी मास्तर होतो. मधल्या सुटीत त्याच्याकडे बसायला जायचो, म्हणून ही हकीकत मला पहिल्यापासून ठाऊक.

त्याचं नाव होतं ते दिव्यांसाठी. आणि शहरातल्या बड्या लोकांना त्या वर्षांत दिव्यांचं खूळच लागलं होतं. मोटार आली तशी चालवणं म्हणजे यांना कमीपणा. कोणाला पुढे जास्तीचे दिवे हवेत, कोणाला तीन सुरांचा भोंगा. एका सावकारपुत्रानं तर आवाज दाबणारा डबाच खालून काढून टाकला होता, कारण गाडी गल्लीत शिरली की लोकांनी दचकून दारात यावं ही त्याची हौस. या सगळ्याला नियमात मनाई होती. डोळे दिपतील असा दिवा पुढे नको आणि लाल दिवा तर पुढे नकोच नको. नियम सगळ्यांना ठाऊक होते. पाळताना मी कोणालाच पाहिलं नाही.

मोरोपंत वकील फौजदारी खटले चालवत आणि सवड मिळाली की मेळघाटात शिकारीला जात. एक दिवस ते परातीएवढा शिकारीचा दिवा आणि एक लाल दिवा घेऊन आले. दोन्ही मोटारीच्या कपाळावर बसवायचे.

"साहेब, हा जंगलातला दिवा हाय," गोवर्धन म्हणाला. "सडकेवर चालत नाई. अन् लाल दिव्याले तं सरळ मनाई हाय."

"कायदा मला शिकवतोस?" मोरोपंत हसले. "अरे, लाल दिवा पाहिला की लोकांना वाटतं, कलेक्टरसाहेब आले. बैलबंड्या आपोआप बाजूला होतात. बसव तू."

त्यानं बसवले. मी तिथंच होतो. "का बसवलेस रे?" असं विचारल्यावर म्हणाला, "मी नाई म्हनलं तं दुसरा कोनी बसवन, अन् वाकडे बसवन." दिवा फडक्यानं पुसताना त्याच्या तोंडावर जो अभिमान होता तो मला अजून आठवतो आणि अजून खटकतो.

महिनाभरानं, पौषात, मोरोपंत शिकारीसाठी पहाटेच परतवाड्याकडे निघाले. समोरून वलगावकडची बंडी बाजाराला येत होती. बंडीत मेथी, वांगी, शेवंतीच्या टोपल्या. हाकायला केशवराव आणि मागे त्याची बायको पार्बताबाई. दोघंही गोवर्धनच्या नात्यातली. बंडीखाली कंदील टांगलेला होता. मोटारीचा झोत अंगावर आला तसे बैल बिथरले आणि बंडी नालीत गेली. पार्बताबाई चाकाखाली सापडली. तिची मांडी मोडली. एका बैलाची मान जुवात मुरगळली आणि तो तिथंच गेला. मोटार थांबली नाही.

मोरोपंतांनी त्या दिवशी शिकारीचा बेत सोडला. दुसऱ्या रस्त्यानं परतले आणि दुपारी गोवर्धनच्या दुकानात हजर. "दोन्ही दिवे काढ. छिद्रं बुजवून वरून रंग दे. आत्ता."

गोवर्धनला वाटलं, तपासणी असेल. त्यानं दिवे काढले, छिद्रं लांबीच्या लगद्यानं भरली, त्यावर असा रंग दिला की बोट फिरवलं तरी कळू नये. संध्याकाळी केशवराव रडत माळीपुऱ्यात आला आणि त्यानं लाल दिव्याची गाडी सांगितली. तशी गाडी गावात एकच होती. गोवर्धननं दुकानातच राहिलेले ते दोन्ही दिवे उचलून कुलपात ठेवले.

दुसऱ्या दिवशी फौजदारानं मोटार पाहिली आणि कागदावर लिहिलं: दिवे नियमाप्रमाणे. तो दर रविवारी मोरोपंतांकडे पत्ते खेळायला बसे.

केशवरावच्या फिर्यादीवरून झालेल्या खटल्यात गोवर्धन आपण होऊन साक्षीला उभा राहिला. दोन्ही दिवे पोत्यात घालून आणले होते. मोरोपंतांच्या बाजूच्या वकिलानं त्याला तीनच प्रश्न विचारले.

"हे दिवे गाडीवर कोणी लावले?"

"म्या."

"मनाई आहे हे माहीत होतं?"

"होतं, साहेब."

"आणि छिद्रं कोणी बुजवली?"

"म्याच."

कचेरीत हशा पिकला. काळे डगले घातलेली, शिकलेली माणसं रुमाल तोंडाला लावून हसली. त्या पहाटे शिकारीचा दिवा पेटलेला होता याला पुरावा नाही, असं ठरलं. केशवरावला विनाकंदील बंडी हाकल्याबद्दल दंड झाला, कारण फुटलेला कंदील कोणी पंचनाम्यात लिहिलाच नव्हता. गोवर्धनला गाडीत बेकायदा फेरफार केल्याबद्दल दंड झाला. मोरोपंतांना ताकीद मिळाली. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांच्या मोटारीवर नवे दिवे आले. ते बसवणारा फिटर दुसरा होता, एवढाच फरक.

आता माझं सांगतो. ते दिवे लावताना मी पाहिले होते आणि काढतानाही शाळेच्या खिडकीतून पाहिले होते. पण मोरोपंत आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, माझी नोकरी त्यांच्या हातात होती. मी साक्षीला गेलो नाही. गोवर्धननं मला कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी काही तरी सबब सांगितली असती, हे त्याला कळत असावं.

तो पार्बताबाईकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो. हाड वाकडं जुळलं होतं. ती उंबऱ्याशी पाय लांब करून भाजी निवडत होती.

"काकू, मले मायीच घीन येऊन राहिली," तो म्हणाला.

तिनं मानही वर केली नाही. "आता येऊन राहिली? दिवा बसवतानी नोती आली? तुयी घीन घेऊन मी काय करू, बापा? विहिरीवर मले जाता येत नाई. पानी भरतं तं भर, नाईतं जाय."

त्यानं घागरी उचलल्या आणि रांजण भरला. पुढे वर्षभर तो आठवड्यातून तीनदा पाणी भरायला जात होता. ती त्याच्याशी एकदाही बोलली नाही.

मग त्यानं दुकान मोडलं आणि वरूडला संत्र्यांच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला. मालकानं काचेवर रंगीत दिव्यांची माळ लावायला सांगितली, तेव्हा किल्ली त्याच्या पुढ्यात टाकून हा घरी निघाला. मालकाला ड्रायव्हर मिळेना, म्हणून पुन्हा बोलावलं. तिथं त्याला लोक वेडा म्हणत.

मी त्याला शेवटचा पाहिला वरूडच्या बाजारात. तो लॉरीत पेट्या रचत होता. मला पाहून खाली उतरला, हात पुसले.

"मास्तर, शाळा चालू हाय न?"

"आहे," मी म्हणालो.

"बरं हाय," तो म्हणाला, आणि पेट्यांवर दोरी आवळायला परत वर चढला.