अस्मा उजवीकडून वाचायची

अस्माला जाऊन आज तीन वर्षं झाली, आणि आज मी भर वर्गात पोट धरून हसले.

पोरं घाबरली. सातवीच्या वर्गाने आपल्या मॅडमला असं कधी पाहिलं नव्हतं.

सांगते. पण सुरुवात लातूरपासून करावी लागेल.

अकरावीला आम्ही दोघी एका हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो. मी रेणापूरची, शेतकऱ्याची पोर. ती देगलूरची, तिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान. दोन्ही घरांत स्वप्न एकच, पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. लातूरला आणखी कशासाठी येतात पोरी?

गंजगोलाईजवळच्या एका रद्दीच्या दुकानात फिजिक्सचं जुनं गाईड शोधताना मला एक जपानी कॉमिक सापडलं. इंग्रजीत केलेलं. जपानमधल्या हायस्कूलच्या चार मैत्रिणी, आणि एका ओळीतल्या चार चौकोनांत एक गंमत.

त्यात काही म्हणजे काही घडत नाही. कुणी डबा विसरते, कुणी तासाला पेंगते. पोरी स्वतःच वर्ग झाडतात. म्हटलं, ही तर आमची झेडपीची शाळा!

पण हसू काही येईना.

पंधरा दिवस अभ्यास बाजूला ठेवून वाचलं. प्रत्येक गोष्टीत पहिल्याच चौकोनात सगळ्या खिदळतायत आणि शेवटच्या चौकोनात मुकाट वर्गात येऊन बसतायत.

मला वाटलं, जपानी माणसं आधी हसून घेत असतील आणि मग गंमत करत असतील. लोकांच्या चालीरीती असतात एकेक.

एक दिवस अस्माने पुस्तक ओढून घेतलं. बाई सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. दोन मिनिटांत गादीवर गडाबडा लोळायला लागली.

"वैशे, येडी हाईस का? शेवटाकडून वाचून राहिलीस तू! हे आमच्या उर्दूसारखं हाय. उजवीकडून चाल."

मी उजवीकडून चालले. पंधरा दिवसांचं तुंबलेलं हसू त्या एका संध्याकाळी बाहेर पडलं. वॉर्डन मावशी दार वाजवून गेल्या.

मग अस्माने स्वतःच काढायला सुरुवात केली. प्रॅक्टिकल बुकच्या मागच्या पानांवर, आमच्या हॉस्टेलची चित्रं. दोन वेण्या आणि लाल रिबिनी म्हणजे मी. नाकावर घसरलेला चष्मा म्हणजे ती.

एक अजून डोळ्यांसमोर आहे. पहिला चौकोन: सर फळ्यावर भलंमोठं समीकरण लिहितायत. दुसरा: बाहेर पाण्याच्या टँकरचा हॉर्न. तिसरा: वर्ग रिकामा. चौथा: बादल्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे सर.

तिची एक सवय होती. हसण्याचा चौकोन, म्हणजे शेवटचा, डावीकडचा, ती सगळ्यांत आधी काढायची.

"शेवटी हसायचंय एवढं ठरलं की बाकीचं आपोआप येतं," असं म्हणायची.

मेडिकलच्या नीट परीक्षेत आम्ही दोघीही आपटलो. मी तीन दिवस जेवले नाही. तिने आपटलेल्या दोघींचं चित्र काढून मला व्हॉट्सॲप केलं, आणि मी गपचूप ताट वाढून घेतलं.

पुढे मी बी.एड. करून बिलोलीकडे शिक्षिका झाले. ती देगलूरला मुलांचे चित्रकलेचे क्लास घ्यायला लागली. डॉक्टर कुणीच झालं नाही. खरं सांगते, चांगलं चाललं होतं आमचं.

मग तिची किडनी गेली.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा एका हाताला सलाईन होतं, दुसऱ्या हाताने तिने एक कागद दिला. चार चौकोन आखलेले. डावीकडच्या चौकोनात आम्ही दोघी, डोळे मिटून हसतोय. बाकीचे तीन कोरे.

"हे तू भर, वैशे. मला दम लागून राहिलाय."

"मला कुठं येतंय गं चित्र?"

"म्हणून तर. बघून लई हसू येईल."

आठवड्याने तिच्या अम्मींचा फोन आला. "बेटा, अस्मा गेली."

तीन वर्षं मी त्या कागदाला पेन लावलं नाही. शेवट तिने काढून ठेवला होता, त्याच्या आधीचं मी काढायचं होतं. पण आधीचं आठवायला बसलं की मला फक्त तो वॉर्ड आठवायचा. मैत्रिणीने एकच काम सांगितलं आणि तेही होईना. फार राग यायचा स्वतःचा.

आज शाळेच्या हस्तलिखितासाठी चित्रकथा शिकवायची होती. मन घट्ट केलं आणि तो कागद वर्गात नेला.

पल्लवी नावाची पोर आहे, पहिल्या बाकावरची. कागद बघून म्हणाली, "मॅडम, ह्या दोघी लई हसून राहिल्यात. पुढं काय झालं?"

म्हटलं, "पुढं काही नाही बाळा. हा शेवटचा चौकोन आहे."

"न्हाई मॅडम." तिने डावीकडून बोट फिरवलं. "हा तर पहिला हाय. पुढचे तीन मोकळेच हायत की."

माझीच चूक. दहाएक वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस केलेली, अगदी तीच.

म्हणून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना.

कारण मला आठवलं, दवाखान्यात ती 'शेवटचा' असं म्हणालीच नव्हती. आणि कागद तिने माझ्या हातात दिला होता. मी कुठल्या बाजूने वाचते हे त्या बाईइतकं कुणाला ठाऊक होतं?

तासाभरात डावीकडून दुसरा चौकोन भरला. त्यात मी आहे, वेण्या गेल्यात, हातात खडू आहे, समोर सातवीचा वर्ग. चित्र इतकं वाईट आलंय की सगळा वर्ग खिदळला.

अस्मा, तू सांगितलं होतंस तसंच झालं बघ. लई हसू आलं.

सलाम, माझ्या देगलूरकरणी. सुखात राहा.