रोमचा प्लॅन आणि तीन निळे पासपोर्ट

मंडळी, आज दुपारी आमची रोमची ट्रिप कॅन्सल झाली. अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या डायनिंग टेबलावरच.

मे अखेरीस, मेमोरियल डेच्या लाँग वीकएंडला एक रजा जोडून चार दिवस जायचं होतं. नवऱ्याने महिनाभर खपून एक्सेल शीट केली होती. कलोसियमला किती वाजता पोचायचं, कुठल्या गल्लीत पास्ता खायचा, सगळं. 'एकदाही इंडियन रेस्टॉरंट शोधायचं नाही' ही माझी अट पहिल्याच ओळीत, लाल अक्षरांत.

आज इटलीच्या व्हिसाचा फॉर्म भरायला पासपोर्ट काढले, तर आम्हा दोघांचा अमेरिकेचा व्हिसा स्टॅम्प गेल्या वर्षीच एक्स्पायर झालेला! इथे राहायचे कागद व्यवस्थित आहेत, म्हणून लक्षातच आलं नाही. पण एकदा देशाबाहेर पडलो, की नव्या स्टॅम्पशिवाय परत येता येत नाही. मिनिटामिनिटाचा प्लॅन करणाऱ्या माणसाने परत यायचंच तपासलं नव्हतं. चिडणार होते, पण मी तरी कुठे बघितलं होतं?

"आपल्यात फक्त ईरा जाऊन येऊ शकते," नवरा हसत म्हणाला.

ईरा आमची सात वर्षांची लेक, जन्म इथलाच, म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकेचा; आमचे दोघांचे भारताचे. तिने तिन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी मांडले. तिन्ही गडद निळे.

"सेम कलर, बाबा. देन हाऊ कम ओन्ली आय कॅन गो?"

संध्याकाळी घरीच पास्ता केला. ईराला आता हे समजावून सांगायचं आहे. तुमच्या मुलांना तुम्ही काय सांगितलंत?