सही न करणारी नगरसेविका

सुनेत्रा सबनीस आमच्या गुजराती दैनिकात आली, तेव्हा शहर विभागात एकही बाई नव्हती. संपादकांनी तिला पाककृतींचं पान दिलं आणि आपण फार पुरोगामी असल्याच्या थाटात पेढे वाटले. मी तिथे उपसंपादक होतो. पेढा मीही खाल्ला.

दोन वर्षं तिने उंधियू आणि अळूवड्याच छापल्या. मग घडियाळी पोळजवळच्या बाजारात भाजीवाल्या बायकांनी तिला त्यांचं स्वच्छतागृह दाखवलं. महापालिकेच्या कागदावर ते चालू होतं. प्रत्यक्षात दाराला कुलूप, आत नगरसेवकाच्या मेहुण्याचं मंडपाचं सामान. बायका सकाळपासून पाणी न पिता बसायच्या.

सुनेत्राने नगरसेवकाला गाठलं. तो हसला. "बेन, तमे रेसिपी लखो ने!"

'ताई, तुम्ही आपल्या पाककृती लिहा ना', हे वाक्य तिने बातमीत जसंच्या तसं घातलं. मी ते कापलं. पान छपाईला जाण्याआधी तिने ते परत घातलं. आठवड्यात कुलूप निघालं, आणि तिला शहराच्या बातम्या मिळाल्या.

दहा वर्षांनी, ती राहायची त्या समा भागाच्या वॉर्डात महिलांसाठी जागा राखीव झाली. तोच नगरसेवक, आता पक्षाचा मोठा नेता, शाल घेऊन तिच्या घरी हजर! तासभर तो तिच्या नवऱ्याकडे बघूनच बोलत राहिला. "मुकुंदभाई, चेहरा बेनचा, बाकी आपण बघून घेऊ."

मुकुंद म्हणाला, "ती समोरच बसलीय. तिच्याशी बोला."

तिने होकार दिला. मी चिडलो. "त्या लोकांत जाऊन बसणार तू?"

"त्या स्वच्छतागृहाला तीन महिन्यांत पुन्हा कुलूप लागलं होतं, नंदू. मी बातमी दिली. तू ती दोन ओळींत उरकलीस. आठवतंय?"

मला आठवत होतं.

ती निवडून आली. महापालिकेत बघते तर बऱ्याच नगरसेविकांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे ऐसपैस बसलेले. बायका मागे, पदर सावरत. पहिल्याच महिन्यात एका कार्यकर्त्याने तिच्यापुढे कागद सरकवला. समातली बागेची जागा पक्षातल्याच एकाच्या लग्नाच्या हॉलला पार्किंगसाठी द्यायची, असा ठराव.

"वाचून देते."

"बेन, वाचायचं नसतं. सही करायची असते."

तिने तो भर सभेत मोठ्याने वाचला, हॉलमालकाच्या नावासकट. गॅलरीत पत्रकार होते, म्हणून ठराव मागे घेतला गेला. पक्षाने तिला शिस्तभंगाची नोटीस धाडली. त्या एका पानात शुद्धलेखनाच्या सात चुका! तिने लाल पेनाने त्या दुरुस्त करून नोटीस परत केली.

पुढच्या वेळी अर्थातच तिकीट नाही. ती अपक्ष उभी राहिली आणि एकशे नव्वद मतांनी पडली. जिंकली त्याच नेत्याची सून तेजश्री. मिरवणुकीत हार तेजश्रीच्या नवऱ्याच्या गळ्यात होता, आणि आमच्या दैनिकाने पहिल्या पानावर फोटोही त्याचाच छापला. इतका निर्लज्जपणा शिकवून येत नाही, तो अंगातच असावा लागतो.

सुनेत्रा आता दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना महापालिकेचं कामकाज शिकवते. गेल्या महिन्यात तेजश्री रिक्षाने आली, एकटीच, घरी न सांगता.

"ताई," तिने दारातूनच विचारलं, "सभेत बोलायचं असेल तर आधी कोणाची परवानगी लागते?"

"घरातल्या कोणाचीही नाही," सुनेत्रा म्हणाली. "ये, पुढे बस."