कागदावर न उतरलेली लय

हुसेनमास्तरांची आणि माझी पहिली भेट माझ्याच वर्गाच्या खिडकीत झाली. मी नुकताच शाळेत लागलो होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. सातवीला कविता शिकवताना डस्टरने टेबलावर ठेका धरायची मला सवय. खिडकीबाहेर बगलेत क्लॅरिनेटची पेटी घेतलेले एक सडपातळ तरुण गृहस्थ केव्हाचे उभे होते. शाळेचा बँड बसवायला आलेले. तास संपल्यावर म्हणाले, "सर, तुमी कविता लई गोड म्हणता. पण टेबल सरळ मारता. जरा रेलून मारा की."

मुले खदखदून हसली. मला राग आला. पण घरी जाताना तीच ओळ मी रेलून म्हणून पाहिली, आणि खरेच, ती डुलू लागली.

या रेलण्याला मास्तर 'स्विंग' म्हणतात. कागदावर दोन सूर सारख्याच लांबीचे असतात; वाजवताना पहिला रेंगाळतो आणि दुसरा धावत येऊन त्याला गाठतो. आम्हा कवितावाल्यांच्या भाषेत, लिहिलेले दोन्ही लघू, ऐकू येतात गुरू-लघू. मास्तरांचे मामू रेल्वेच्या क्लबात नाचाला क्लॅरिनेट वाजवीत, त्यांच्याकडून ही विद्या आली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवलेले हे जॅझ संगीत. पुढे युरोपात एका हुकूमशहाने त्यावर डोळे वटारले, तरी तिथली तरुण मंडळी ते लपूनछपून ऐकत, नाचत. मामू सांगत, "बेटा, इसपे कवायत नै होती."

मामूंचे हे वाक्य मास्तरांनी आणीबाणीत आपल्या सोलापुरात खरे करून दाखवले. ती हकीकत आज मी सांगितलीच पाहिजे.

तेव्हा गावातली काही माणसे आत होती. का, हे विचारायची सोय नव्हती. हसण्याआधीही लोक मागे वळून पाहत. अशात एका बड्या पाहुण्यांच्या स्वागताची मिरवणूक ठरली. पुढे अधिकारी पावलात पाऊल टाकीत चालणार, मागे कारखान्यांतून बोलावलेले कामगार, आणि मास्तरांचा बँड शिस्तीवरच्या एका सरकारी गीताची चाल वाजवणार. चाल आधी कागदावर लिहून द्यावी आणि शाळेच्या सांस्कृतिक प्रमुखाने 'आक्षेपार्ह काही नाही' म्हणून सही करावी, असा हुकूम आला. तो प्रमुख मी.

आदल्या दुपारी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम चालली होती. मी कागद घ्यायला गेलो आणि दारातच थबकलो. गीत तेच होते, पण कंबरेत ढिले झालेले, डोळे मिचकावणारे. मी विचारले, "मास्तर, हे असंच वाजणार?"

"कागदात बघा की सर. काय वेगळं हाय का?"

कागदावर सगळे सूर एका रांगेत, शहाण्या मुलांसारखे बसले होते. मी सही केली.

मिरवणूक निघाली. दोन फेऱ्या सरळ वाजल्या. तिसऱ्या फेरीला मास्तरांनी क्लॅरिनेट जरा वर उचलले, आणि लय रेलली. पुढच्या रांगेतल्या साहेबांचे पाऊल हवेतच अडकले. कुठे टाकावे कळेना. टाकले तर खांदा हलला, खांदा सावरला तर कंबर हलली. रस्त्याकडेची एक भाजीवाली ओरडली, "अगं बया! सायब नाचाया लागलं की!"

मग जे हसू फुटले! कामगार हसले, दुकानदार हसले, बंदोबस्ताचे शिपाई मिशीत हसले. कितीतरी महिन्यांत गाव एवढे एकत्र हसले नव्हते. आणि एक शब्दही कोणी गायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी झाली. साहेबांनी संगीतशिक्षकांकडून तो कागद पेटीवर वाजवून घेतला. अगदी सरळ निघाला, प्रार्थनेसारखा. पुन्हा वाजवून घेतला, तसाच. साहेब माझ्याकडे वळले. "सही तुमची? तुम्ही हे ऐकलं होतं का?"

मास्तर चटकन पुढे झाले. "सरांना काय इचारता, सायेब? त्यांना कवितेतलं कळतं, बँडातलं कुटलं? काय वाकडं वाजलं ते माजं."

मी गप्प राहिलो. माझी नोकरी कायम झाली. मास्तरांच्या बँडची परवानगी गेली, आणि आणीबाणी उठेपर्यंत या कलावंताने टॉवेलच्या कारखान्यात घड्या घातल्या.

त्याबद्दल ते आजवर कधी चकार शब्द बोलले नाहीत. उलट मी निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी जुळे सोलापुरात माझ्या घरी येतात आणि माझ्याकडून शाळेतल्या जुन्या कविता म्हणवून घेतात. एखादे कडवे मी विसरलो की ठेका धरून थांबतात, घाई करीत नाहीत. माझी पत्नी गेली त्या आठवड्यातही आले. कविता नको म्हणालो. "मग नुसता ठेका धरू, सर," म्हणाले, आणि आम्ही दोघे टेबलावर बोटे वाजवीत बसलो.

हल्ली मास्तर आमच्या कॉलनीतल्या मुलींचा बँड बसवतात. मागच्या महिन्यात ट्रम्पेटवाल्या मुलीने विचारले, "मास्तर, वहीत दोन्ही सूर सारखेच आहेत. मग आपण असं का वाजवतो?" मास्तरांनी कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवले. "सरांना इचार, बेटा. त्यांना पयल्यापास्नं म्हाईत हाय."

म्हणजे माझी सही, माझे गप्प राहणे, मास्तर काहीच विसरले नव्हते. आणि तरीही, इतके गुरुवार!

मी उठलो. मुलींना ती मिरवणूक सांगितली, साहेबांच्या खोलीतले माझे गप्प राहणेही सांगितले. ट्रम्पेटवाली एवढेच म्हणाली, "मग आता वाजवू या ना ते गाणं!" मुलींनी ते असे वाजवले की माझी गुडघेदुखी पावले बदलू लागली.

मास्तर पंचाहत्तरीत पाऊल ठेवीत आहेत. त्यांचा श्वास लांब राहो, समोरचे दात शाबूत राहोत, कारण क्लॅरिनेटवाल्याचा सारा भार त्यांच्यावर. त्यांचे गुरुवार कधी न संपोत, आणि ज्या रस्त्यावर सगळ्यांना एकाच पावलात चालायला सांगतील, तिथे त्यांच्या मुली वाजवायला हजर असोत.

या लेखाखाली मी सही करीत आहे. यात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्या दिवशीही ठाऊक होते.